लिफ्टचं बिल आणि टीबी : निरोगी घरांसाठी वस्त्यांची एकजूट कशी बांधावी

माझ्या स्वयंपाकघरात दुपारी बारा वाजता ट्यूब लावावी लागते, हे मला सात वर्षं खटकलंच नव्हतं. 2007 साली आम्हाला कुर्ल्याच्या रुळांकाठच्या झोपडीतून उचलून मानखुर्दकडच्या एका पुनर्वसन वसाहतीत आणून ठेवलं. तळमजला अधिक सात माळे, 225 चौरस फुटांची खोली, घरात नळ, घरात संडास. रुळांकाठी पहाटे डबा घेऊन अंधार शोधत जाणाऱ्या बाईला घरातला संडास म्हणजे काय वाटलं असेल, ते विचारू नका. उजेडाकडे बघतंय कोण!

2014 मध्ये मुलीला टीबी निघाला. अकरावीत होती. हेल्थ पोस्टच्या, म्हणजे महापालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राच्या, सिस्टर गोळ्यांचं समजावायला घरी आल्या. बोलता बोलता त्यांनी हात लांब करून ट्यूबचं बटण बंद केलं आणि गप्प उभ्या राहिल्या. ओट्यावरचं कुकरचं झाकण मला चाचपावं लागलं. "ताई, दुपार आहे ना?" एवढंच म्हणाल्या.

तिथून धरलेलं काम आता ठाणे, भिवंडी, नालासोपारा, पनवेलपर्यंत गेलंय. दर महिन्याला कुणाचा तरी फोन येतो, "मावशी, आमच्याकडेही असं काही उभं करायचंय, सुरुवात कुठून करू?" फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढते. मी बचत गट चालवणारी बाई आहे. हिशेब नीट येतो, भाषण येत नाही.

नाव ठेवायची घाई नको

'आघाडी' म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या पक्षाची? 'समिती' म्हटलं की वर्गणी किती? 'महासंघ' म्हटलं की अध्यक्ष कोण, आणि तिथेच दोन तट पडतात. आम्ही नाव ठेवलंच नाही. वहीवर 'शनिवारची बैठक' असं लिहिलं होतं, अजून तेच आहे. लेटरहेड नाही म्हणून एकही काम अडलं नाही. अर्जावर पाच इमारतींच्या सेक्रेटरींच्या सह्या आणि शिक्के असले की वॉर्डात तो अर्ज घेतात.

आधी दोरा ओढून बघा

आमची पहिली चूक म्हणजे फेरी. हातात फलक घेऊन वसाहतभर फिरलो : खिडक्या उघडा, टीबी पळवा. दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंनी दारातच अडवलं. "खिडकी उघडली की उंदीर आत येतो. तुझ्या घरात घेतेस का?"

काकू बरोबर होत्या. आमच्या दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या बोळाला सगळे शाफ्ट म्हणतात. त्यात पहिल्या माळ्याच्या खिडकीपर्यंत कचरा साचलेला. वास, उंदीर, डास. म्हणून खिडक्या बंद, वर जुनी ताडपत्री लावलेली. मग लोक शाफ्टमध्ये कचरा टाकतात कशाला? कचऱ्याची गाडी दहाला येते आणि आमच्यातल्या निम्म्या बाया साडेसहाला घरकामाला बाहेर पडतात म्हणून. जाताना कचरा खाली का नेत नाहीत? सहाव्या माळ्यावरून एका हातात बादली, दुसऱ्या हातात पोर घेऊन जिना उतरायचा, कारण लिफ्ट बंद. लिफ्ट का बंद? कॉमन मीटरचं बिल थकलेलं. बिल का थकलं? मेंटेनन्स कुणी देत नाही. का देत नाही? मागच्या कमिटीने हिशेब दाखवला नाही, तेव्हापासून कुणाचा कुणावर भरवसा नाही.

म्हणजे माझ्या पोरीचा खोकला आणि लिफ्टचं बिल एकाच दोऱ्यात ओवलेले. त्यातल्या प्रत्येक मण्याचं ऑफिस वेगळं. टीबी आरोग्य खात्याकडे, उंदीर आणि डास कीटकनाशक खात्याकडे, कचरा घनकचऱ्याकडे, मीटर वीज कंपनीकडे, सोसायटीचा हिशेब सहकाराच्या उपनिबंधकाकडे, आणि इमारत ज्यांनी बांधली ते प्राधिकरण आणखी तिसरीकडे. प्रत्येक जण आपलं काम चोख करतो असं धरलं तरी माझी खिडकी बंदच राहते.

एकजूट लागते ती असल्याच कामाला. तुमचा प्रश्न एका खात्याने सुटण्यासारखा असेल, उदाहरणार्थ गटार तुंबलंय, तर कृपा करून संघटना काढू नका. 1916 ला फोन लावा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या, पाठपुरावा करा. दोऱ्याला तीन-चार गाठी निघाल्या तरच माणसं जमवा. आणि हा दोरा घरात बसून आखू नका. ज्या बाईची खिडकी बंद आहे तिलाच विचारा, मग तिच्या उत्तराला पुन्हा 'का' लावा. पाच वेळा 'का' विचारलं की बहुतेक वेळा पैशापाशी नाहीतर भरवशापाशी येऊन थांबता.

मोजायचं, पण सगळ्यांना मोजता येईल असं

आमच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं यंत्र म्हणजे कालचं वर्तमानपत्र. दुपारी बारा ते एकच्या मध्ये ट्यूब बंद करायची, ओट्यापाशी उभं राहायचं आणि बातमीची बारीक अक्षरं वाचून बघायची. वाचता आली की 'हो', नाही तर 'नाही'. एका विंगला बचत गटाच्या चार बाया एका दुपारी उरकतात. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा करा. आमच्या विंगमध्ये चौथ्या माळ्याच्या खाली एकाही ओट्यावर पेपर वाचता आला नाही.

एक इंजिनियर साहेब हे ऐकून हसले होते. "मावशी, हा काही शास्त्रीय पुरावा नाही." मी म्हटलं, नसू दे, तुम्ही या तर खरं. आले. दुसऱ्या माळ्यावर काकूंच्या ओट्यापाशी त्यांच्या हातात पेपर दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पेपर घेऊन खिडकीकडे वळले, तिथेही जमेना. पेपराची घडी घालून काकूंना परत दिली आणि डायरीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही, पण पुढच्या बैठकीला न बोलावता आले.

दुसरं यंत्र म्हणजे टेप. शाफ्टची रुंदी मोजली : 3 मीटर, म्हणजे दहा फूटही पुरते नाहीत. तो आकडा बरा की वाईट हे आम्हाला कुठे कळतंय? वास्तुकलेच्या एका निवृत्त सरांनी सांगितलं तेव्हा डोकं सुन्न झालं. 1896 ला मांडवीत प्लेग निघाला, त्यानंतर 1898 मध्ये इंग्रजांनी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते त्याच ट्रस्टने काढले. त्या ट्रस्टचे एक अध्यक्ष होते, जे. पी. ऑर. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला होता. गणित सोडून सांगायचं तर समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं हवं. आमची इमारत साधारण 23 मीटर उंच. म्हणजे साडेअकरा मीटर मोकळे हवे होते, मिळाले 3. प्लेगच्या काळातल्या सायबाला कळत होतं ते आमचा नकाशा पास करणाऱ्याला कळलं नाही, असं मी एका सभेत बोलून गेले. नंतर सिस्टरांनी दटावलं, की अशा टोमण्याने टाळ्या मिळतात आणि फाइल अडते. त्यांचंही खरं होतं.

तिसरं माप खिडकीचं. राष्ट्रीय इमारत संहितेत आपल्यासारख्या दमट-उष्ण हवेसाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी उघडं तोंड असावं असं दिलंय. 120 चौरस फुटांच्या खोलीला 20 चौरस फूट. सरकत्या काचेची खिडकी निम्मीच उघडते, हे धरून मोजा.

तुमची मापं घेऊन बसलात की कुणीतरी म्हणेलच, टीबीचा नि इमारतीचा काय संबंध? तेव्हा सांगा, की 2018 मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईसोबत केलेला अभ्यास छापून आला आहे. गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहतींचा. जिथे इमारती एकमेकींना चिकटून, ऊन-वारा कमी, तिथे टीबीची घरं जास्त आढळली. त्याच्या आधी दोन वर्षं आम्ही हे पेपर हातात घेऊन सांगत होतो. पण अभ्यास आला की साहेबलोक खुर्ची पुढे ओढतात, म्हणून तो पिशवीत ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्येच घर आणि आरोग्य यावर मार्गदर्शक सूचना काढल्या : दाटी, घरातली थंडी, घरातली उष्णता, घरात होणारे अपघात, अपंगांना वावरता येणं. थंडी सोडली तर आमच्याकडे यादी पूर्ण आहे.

आमच्या हातून झालेलं पाप

हे वेगळं लिहिते, कारण हे तुमच्याकडून होऊ नये.

पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही वसाहतीचा मोठा नकाशा काढला आणि बालवाडीच्या भिंतीवर लावला. ज्या खोलीत टीबीचा रुग्ण, तिथे लाल टिकली. खरीखुरी, पाकिटातली. नकाशा फार बोलका झाला, खालचे माळे लालेलाल. जो येई तो मोबाइलने फोटो काढून नेई. आठवडा नाही झाला, तर एका मुलीचं ठरत आलेलं स्थळ परत गेलं. एका भाडेकरूला मालकाने खोली सोडायला सांगितली. त्याची बायको बैठकीत आली, टिकली नखाने खरवडून काढली, माझ्या हातावर ठेवली आणि काही न बोलता गेली.

त्या दिवसापासून खोली नंबर लिहायचा नाही. नोंद माळ्याची, तीसुद्धा फक्त आकड्याची. नावं हेल्थ पोस्टच्या रजिस्टरमध्ये असतात, ती तिथेच राहतील. रुग्णाला बैठकीत बोलायचं असेल तर तो स्वतःहून बोलेल. आपण त्याला 'उदाहरण' म्हणून उभं करायचं नाही.

कोणाला बोलवायचं

पत्रिका छापून सगळ्यांना वाटू नका. एकेकाला भेटा आणि एकच विचारा : हे असंच राहिलं तर तुमचं काय जातं? ज्याचं काही जातं तो टिकतो. नुसता चांगल्या मनाचा माणूस तिसऱ्या बैठकीला गळतो. हे कडू वाटेल, पण माझा अनुभव असाच आहे.

शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंची हजेरी जात होती, पावसाळ्यात निम्मी पोरं तापाने घरी. गल्लीतल्या डॉक्टरांना 2012 पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे. त्यांना फॉर्म भरायला माणूस हवा होता, आमच्या एका पोरीने ते अंगावर घेतलं, डॉक्टर आमचे झाले. बुद्धविहाराचे, मशिदीचे, मंडळाचे लोक वेगवेगळे भेटले, पण आपापल्या हॉलची दुरुस्ती सगळ्यांनाच हवी होती. देवनारच्या टिसमधली (टाटा समाजविज्ञान संस्था), वास्तुकला कॉलेजातली पोरं येतात, मनापासून काम करतात, आणि परीक्षा आली की नाहीशी होतात. त्यांच्यावर नकाशा सोपवा, किल्ली सोपवू नका.

आणि पंप चालवणारा. याला कुणी म्हणजे कुणी बोलावत नाही. आमच्या वसाहतीत कुठल्या टाकीला झाकण नाही, कुठली शिडी गंजून तुटलीय, कोण वाल्व फिरवून जास्त पाणी ओढतो, हे फक्त त्याला ठाऊक. मलेरियाचा डास गटारात होत नाही. तो गच्चीवरच्या टाकीत, चांगल्या पाण्यात होतो. डेंग्यूचा कुंडीखालच्या ताटलीत, फ्रीजमागच्या ट्रेमध्ये. कीटकनाशक खात्याचा माणूस औषध घेऊन येतो, शिडी नाही म्हणून खालूनच परत जातो आणि वर 'तपासले' अशी नोंद होते. हे आम्हाला पंपवाल्याने सांगितलं, तेही तिसऱ्या चहानंतर.

पुढाऱ्यांचं काय? मुंबईत 227 नगरसेवक, आमच्या वसाहतीत सगळ्या पक्षांच्या शाखा. आमचा नियम सोपा आहे : सगळ्यांना निरोप जातो, सगळे सतरंजीवर बसतात, बॅनरवर कुणाचाही फोटो नाही. कारण बॅनरच नाही. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकाचा कारभार चालला. ज्या वस्त्या सगळ्या कामांसाठी एकाच नगरसेवकाच्या दारी जात होत्या, त्या तेव्हा पोरक्या झाल्या. आमचे दुवे सफाईचे मुकादम, सिस्टर, ज्युनियर इंजिनियर यांच्याशी होते, ते चालू राहिले. साहेब बदलतात, हे धरूनच चाला. नवे साहेब आले की पहिल्या आठवड्यातच त्यांना शाफ्ट दाखवायचा. नंतर त्यांना वेळ नसतो.

बैठकीची वेळ पाणी ठरवतं

आमच्याकडे पाणी साडेचारला येतं. म्हणून बैठक शनिवारी अडीच ते चार. चारच्या पुढे एकही बाई बसणार नाही, मग तुम्ही आयुक्तांना आणा. संध्याकाळी सातला ठेवलेल्या बैठकीला फक्त पुरुष येतात आणि पार्किंगवर बोलतात.

जागा बालवाडीची. खुर्च्या एवढाल्या छोट्या की साहेबांनाही सतरंजीवर बसावं लागतं, त्याचा फायदा फार मोठा आहे. भिंतीवर एक कागद, त्यावर तीन रकाने : काम, कोण, कधीपर्यंत. ज्याने काम घेतलं त्यानेच आपल्या हाताने आपलं नाव लिहायचं. लिहिता येत नसेल तर अंगठा, पण दुसऱ्याने लिहायचं नाही. पुढच्या शनिवारी तो कागद मोठ्याने वाचायचा, आणि वाचून झाल्याशिवाय चहा नाही. चहा ही छोटी गोष्ट वाटेल. पण ज्याचं काम राहिलं त्याच्याकडे चाळीस माणसं कपाशिवाय बघत असतात.

गाडीच्या वेळेचं उदाहरण सांगते. मुकादमाला म्हटलं, गाडी पावणेसातला आणा. तो म्हणाला, आणतो, पण गल्लीत रात्रीच्या रिक्षा दोन्ही बाजूंना लागलेल्या असतात, गाडी वळत नाही. झालं, दोऱ्याला आणखी एक मणी. मग रिक्षावाल्यांना बोलावलं. त्यांचं म्हणणं, मैदानाकडे रिक्षा लावली तर बॅटरी चोरीला जाते. तिथला दिवा लागला तर लावू. दिव्याचा अर्ज केला, अडीच महिन्यांनी दिवा लागला, रिक्षा हलल्या, गाडी आली. टीबीच्या कामात आम्ही रस्त्यावरचा दिवा लावला, हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

लिफ्टचं बिल हप्त्यांत फेडलं. मेंटेनन्स पुन्हा सुरू झाला तो एका फळ्यामुळे. तळमजल्यावर काळा फळा लावला आणि महिन्याला किती जमले, किती खर्च झाले, शिल्लक किती, हे खडूने लिहायला लागलो. खडूने अशासाठी, की कुणीही येऊन तपासावं आणि चुकलं तर तिथेच पुसून दुरुस्त करावं. शाफ्ट उपसायला चार दिवस लागले. खिडक्यांना खालून जाळ्या बसवल्या आणि दोन्ही भिंतींना पांढरा चुना मारला, वरचा उजेड उडून खाली यावा म्हणून. पुढच्या मे महिन्यात पेपराची परीक्षा घेतली, तर चौथ्या माळ्यावर 'हो', तिसऱ्यावर निम्मे 'हो'. पहिल्या-दुसऱ्यावर अजून 'नाही'च. चुन्याने 3 मीटरचे 12 मीटर होत नाहीत.

एका वॉर्डाबाहेर का जायचं

मला आधी हे पटत नव्हतं. आपलं घर आवरेना, आणि निघाली ठाण्याला. पटलं ते आमच्या वसाहतीतल्या एका माणसामुळे. टीबीच्या गोळ्यांचा अर्धा कोर्स झालेला, खोली भाड्याने देऊन तो नालासोपाऱ्याला राहायला गेला. निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, रुग्णाची नोंद दुसरीकडे ट्रान्स्फर करता येते, पण आधी कुणाला तरी तो गेलाय हे कळायला हवं ना? एकोणीस दिवस गोळ्या नाहीत. नालासोपाऱ्यात आमच्या ओळखीची एक आरोग्य सेविका होती, तिने शोधून काढला. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. माणूस लोकलने दीड तासात तिसऱ्या महापालिकेत जातो, त्याचा कागद महिनाभर जात नाही. पोषणासाठी सरकार रुग्णाला पैसे देतं, 2018 पासून महिना 500 आणि नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये. तेही अशा घरबदलीत लटकतात.

दुसरं कारण नियमांचं. मुंबईला विकास नियंत्रण नियमावली 2034 ची, बाकीच्या महापालिकांना 2020 ची एकत्रित नियमावली. मुंबईत पुनर्वसनाची खोली 225 वरून 269 आणि मग 300 चौरस फूट झाली. लोक त्या आकड्यावर खूश होतात, दोन इमारतींत किती अंतर सोडलं ते कुणी विचारत नाही. एक वस्ती विचारील तर ती तक्रार ठरते. दहा ठिकाणच्या लोकांनी एकाच फॉर्मवर मोजून विचारलं, तर उत्तर द्यावं लागतं.

म्हणून सगळ्या गटांत फक्त दोन मापं सारखी ठेवलीत : पेपराची परीक्षा आणि टाकीचं झाकण. बाकी ज्याचं त्याने ठरवावं. भिवंडीकरांचं दुखणं घराशेजारच्या यंत्रमागाच्या कापसाचं, उल्हासनगरवाल्यांना स्लॅब कोसळायची भीती. सगळ्यांवर एकच कार्यक्रम लादला तर सगळे निघून जातील. वर शिखर संस्था काढू नका. महिन्याला एक भेट पुरे : एकदा दादरला, कारण सगळ्या लाइनींना मध्ये पडतं, आणि एकदा पाळीपाळीने कुणाच्या तरी वस्तीत. रविवारी कधीच नाही, मेगाब्लॉक असतो. प्रत्येक गटाला दहा मिनिटं, आणि त्यात न जमलेली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. यशाचे फोटो सगळे आणतात. शिकायला मिळतं ते न जमलेल्यातून.

अशाच एका भेटीत बीडीडी चाळीतल्या एक आजी आल्या होत्या. 160 चौरस फुटांची खोली, आता टॉवरमध्ये 500 फुटांचं घर मिळायचं, सगळे अभिनंदन करत होते. आजी म्हणाल्या, "घर मोठं आहे, छान आहे. पण आमच्यात कुणाला खोकला झाला की त्याची खाट गॅलरीत टाकायचो. आता कुठे टाकू?" त्यावर दादरच्या त्या हॉलमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वास्तुकलेच्या पोरीने वही काढली आणि आजींना गॅलरीची रुंदी विचारायला लागली.

कागद आणि पैसा

माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत हवा. 'का' विचारू नका, 'प्रत द्या' म्हणा : मंजूर नकाशाची प्रत, टाकी तपासणीच्या नोंदवहीची प्रत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. नियम बदलायचा झाला की नगररचनेच्या 1966 च्या कायद्याखाली हरकती-सूचना मागवतात, साधारण महिन्याची मुदत असते. तेव्हा झेरॉक्स काढलेल्या शंभर हरकतींपेक्षा स्वतःच्या खोलीचं माप लिहिलेल्या दहा भारी पडतात.

पैशाची घाई करू नका. नोंदणी करायचीच झाली तर 1860 च्या कायद्याखाली सात माणसं पुरतात, पण मग दरवर्षी हिशेब तपासणी, धर्मादाय आयुक्तांकडे वरळीला खेपा. आधी आहे त्या संस्थांचीच नोंदणी वापरा. परदेशी पैसा असेल तर लक्षात ठेवा, 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला तो दुसरीला वाटून देता येत नाही, तेव्हा 'आमच्या खात्यात घेऊन तुम्हाला देतो' हे कुणी म्हणालं तर हात जोडा. आम्हाला एकदा मोठी देणगी आली. दोन महिने भांडण कशावर, तर अहवालावर कुणाचा लोगो वर. शेवटी एका मोठ्या संस्थेने आमच्या बायांनी मोजलेले आकडे एकट्याच्या नावावर छापले. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मच्या तळाशी मोजणारीचं नाव आणि तारीख असते, आणि मूळ प्रत बालवाडीच्या कपाटात. चहा-बिस्किटाचा खर्च आम्ही अजून डब्यातूनच करतो.

गच्चीची किल्ली

पहिल्या माळ्याचं काय, हा प्रश्न उरलाच होता. इमारत काही मागे सरकणार नाही. गच्चीवर मात्र सकाळी भरपूर ऊन-वारा, पण गच्चीला कुलूप आणि किल्ली सातव्या माळ्यावरच्या एका भाऊंकडे. पोरं पत्ते खेळतात, बाटल्या फुटतात, म्हणून त्यांनी लावलेलं, त्यांचंही चूक नव्हतं. चार शनिवार यावर गेले. शेवटी ठरलं की किल्ली तळमजल्यावर फळ्याशेजारच्या खिळ्याला राहील, जो नेईल तो वहीत लिहील, आणि भाऊ आठवड्यातून एकदा वही तपासतील. भाऊंनी स्वतःच लाल पेनाने रकाने आखून दिले.

वहीतली परवाची नोंद : पहिला माळा. सकाळी 8 ते 10. सोबत खुर्ची एक, पाण्याची बाटली. किल्ली परत. खोलीचा रकाना आम्ही ठेवलेलाच नाही.